सातव्या मजल्याची बेल

बोरिवली
८ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. फोन केला की तू "कोण? कोण बोलतंय?" असं तीनदा विचारून ठेवून देतेस. तुला कानाचं मशीन लावायचं नाही आणि मला घसा फोडायचा नाही, म्हणून हे पत्र.

कामाचं सांगते. आमच्या संस्थेत नवा प्रोजेक्ट घेतलाय: मुंबईत एकटी राहणारी वयस्कर माणसं. तुला माहीतच आहे, वीस वर्षं मी हेच करतेय. घराघरांत जाते, प्रश्नावली काढते, "एकटं वाटतं का?" विचारते. समोरचे आजोबा म्हणतात, "छे, मस्त चाललंय." मी खूण करते, ते चहा देतात, संपलं. यंदा ठरवलं, प्रश्नावली बाजूला ठेवायची आणि माणसांना पत्रं लिहायला लावायची. कागदावर माणूस जरा सैल सुटतो, असा माझा अंदाज आहे.

पहिलं गिऱ्हाईक तू. सकाळी उठल्यापासून काय काय करतेस, कुणाशी बोलतेस, चाळीतून टॉवरमध्ये आल्यापासून करमतं का, सगळं लिही. आणि कधी गोंधळल्यासारखं होतं का? म्हणजे मजला चुकला, नाव आठवलं नाही, असं काही? सहज विचारतेय.

तुझी,
श्रुतिका

घाटकोपर
१७ जानेवारी

श्रुतू,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

तुझं पत्र वाचून पोस्टमनला आधी पाणी दिलं. बिचारा म्हणाला, बऱ्याच वर्षांनी हाताने लिहिलेला पत्ता बघितला. बाकी सगळी बँकेची पाकिटं.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. सकाळी उठते, चहा पिते, लिफ्टने खाली-वर करते, भाजी आणते, जेवते, पडते. करमायचं म्हणशील, तर आमची मालवणकर चाळ पाडून तिथे 'ऑर्किड हाइट्स' बांधलं. ऑर्किड म्हणजे काय, ते आमच्यातल्या कुणी अजून पाहिलेलं नाही. घर झकास आहे. संडास घरात, पाणी चोवीस तास, खिडकीतून पार विक्रोळीपर्यंत दिसतं. दार मात्र आपलं आपण बंद होतं. वर स्प्रिंग आहे. आग लागली तर पसरू नये म्हणून, असं बिल्डरचा माणूस सांगत होता. चाळीत माझं दार फक्त झोपताना बंद व्हायचं. आणि लिफ्टमधली ती बाई, शिरा पडो तिच्या तोंडार, प्रत्येक मजल्यावर इंग्लिशमध्ये काहीतरी बोलते.

आता शेवटचा प्रश्न. "सहज विचारतेय" म्हणे! गो बाय, तुला मी न्हाऊमाखू घातलंय. तू सहज कधी काही विचारलंयस? आमच्या वॉचमनने सुशांतला हैदराबादला फोन केला, "मम्मीजी रोज सातवें पे उतर के गलत घर की बेल बजाती है." माझं घर अकराव्यावर. सुशांत घाबरला. त्याने मला कर्जतच्या कुठल्या तरी म्हाताऱ्यांच्या हॉटेलची चित्रं पाठवली. हिरवळ, झोपाळा, पांढऱ्या बुटांतल्या नर्सा. आणि तो नक्की तुला म्हणाला असणार, "श्रुती, तू यातली डॉक्टर आहेस, तू सांगशील ते फायनल."

खरं की नाही? खरं असेल तर लिहून टाक, की आई चुकते. वय झालं, चुकते. पण मी कर्जतला जाणार नाही. माझा मुक्काम घाटकोपर.

तुझी आत्या,
प्रेमा धुरी

बोरिवली
३ फेब्रुवारी

आत्या,

पकडलंस. सुशांतने तसंच सांगितलं, शब्दसुद्धा तेच. प्रोजेक्ट खरा आहे, पण तुझं पत्र मी दोन्ही कामांसाठी मागितलं होतं. रागावली असशील तर रागाव, पण उत्तर दे, कारण आता मला सुशांतपेक्षा मोठी उत्सुकता लागलीय.

मागच्या शनिवारी मी मुद्दाम राहायला आले होते, तेही तू ओळखलं असशीलच. रविवारी सकाळी आपण भाजीला खाली जायला निघालो. तू लिफ्टमध्ये शिरलीस आणि सातचं बटण दाबलंस. डोळ्यांवर चष्मा होता. उतरलीस, डावीकडच्या दाराची बेल दाबलीस. ते उंच सोनावणेकाका बाहेर आले, बनियनवर, दाढीचा साबण गालावर. तू म्हणालीस, "अगो बाई, भीमराजदादा! परत चुकले की मी. माझं अकरावं ना?" ते म्हणाले, "अकरावंच, वहिनी. सावकाश जा." दार लागलं.

आता माझी अडचण ऐक. घर विसरलेली शेकडो माणसं मी पाहिलीत. चुकलेला माणूस ओशाळतो. चिडतो, घाम येतो, पिशवी घट्ट धरतो, उगाच हसतो. तू यातलं काही केलं नाहीस. बेल वाजवल्यावर तू दाराला कान लावून उभी होतीस. (ऐकू येत नाही म्हणणारी तू!) आतून चपलांचा आवाज आल्यावर तुझा चेहरा उजळला, आणि त्यानंतर तू तो "अगो बाई" चेहरा केलास. मी बघत होते. परत येताना मात्र अकराचं बटण न बघता दाबलंस.

आत्या, तू चुकत नाहीस. तू चुकल्याचं नाटक करतेस. का? रोज सकाळी दाढी करणाऱ्या माणसाची बेल वाजवून तुला काय मिळतं? मला सांगितल्याशिवाय मी सुशांतला हो किंवा नाही, काहीच कळवणार नाही.

श्रुतिका

घाटकोपर
१४ फेब्रुवारी

श्रुतू,

डोळे तुझे तुझ्या बापासारखेच. माझा भाऊ असाच होता, त्याच्यासमोर माशात मीठ जास्त पडलं तरी लपत नसे.

सांगते, पण एका अटीवर. हे सुशांतला कळता कामा नये. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकून सगळ्यांचे आभार मानील आणि माझी वाट लागेल.

चाळीत आमचा नळ पॅसेजच्या टोकाला होता. पहाटे पाणी यायचं. बाविसाच्या बावीस बिऱ्हाडांचे हंडे रांगेत. आम्ही त्या नळावर काय भांडलोय म्हणून सांगू! मालनने एकदा माझी घागर लाथेने उडवली होती, तो पोचा अजून आहे. पण कुणाचा हंडा रांगेत दिसला नाही, की कुणीतरी ओरडायचंच, "अरे, सोनावण्याचा हंडा कुठाय? उठला नाही काय?" आणि कुणीतरी जाऊन कडी वाजवायचं. त्याला कुणी काळजी म्हणत नव्हतं. हंडा नाही, तर रांग कोण धरणार, एवढंच.

इथे पाणी चोवीस तास. घरात. कुणाचा हंडा कुणाला दिसत नाही.

शिवदास परब तुला आठवतो? मिलमधला, गणपतीत मृदंग वाजवायचा तो. बायको गेल्यावर पंधराव्यावर एकटाच राहायचा. गेल्या वर्षी गेला. म्हणजे गेलेला होताच, आम्हाला उशिरा कळलं. दारात दुधाच्या पिशव्या फुगून पडल्या होत्या. त्या मजल्यावर बाकी दोन फ्लॅट भाड्याचे, पोरं सकाळी जातात, रात्री येतात, त्यांना वाटलं काका गावाला गेले. श्रुतू, त्या माणसाबरोबर मी चाळीस वर्षं एका नळाचं पाणी प्यायले. आणि मला चार मजल्यांवरून कळलं नाही. मला इतकी लाज वाटली, की मी त्याच्या तेराव्याला जेवले नाही.

भीमराजही एकटाच. बसडेपोतून रिटायर झाला, बायको गेली, मुलगा नाशिकला. मुलाने त्याला पडल्यावर वाजणारं घड्याळ आणून दिलं. त्याने ते टॉवेलांखाली पुरून ठेवलं. म्हणतो, "मी काय अ‍ॅडमिट आहे?" अशा माणसाला रोज सकाळी "दादा, जिवंत आहात ना?" विचारलं तर तो दार उघडील? म्हणून मी चुकते. चुकलेल्या म्हातारीवर कुणी रागवत नाही. दार उघडतो, मला मजला सांगतो, त्यालाही जरा बरं वाटतं, की आपलं डोकं हिच्यापेक्षा शाबूत आहे.

मी एकटीच नाटकी आहे असं समजू नकोस. भीमराज रोज बाराव्यावर मालनकडे पेपर घेऊन जातो. "मालनबाई, तुमचा पेपर आमच्याकडे टाकला." मालनकडे पेपर येतच नाही. तिला वाचता येत नाही! ती घेते आणि तांदूळ निवडायला पसरते. कुणी कुणाला एका शब्दाने बोललेलं नाही, आणि बोलणारही नाही. बोललो की संपलं.

आता तू काय ते ठरव.

आत्या

बोरिवली
२६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि लेक्चरला उशिरा गेले. मुलांना म्हटलं, आज धडा नाही, आज फक्त एक प्रश्न. पहाटेचा नळ गेल्यावर त्या नळाचं काम कोण करतं? कुणालाच प्रश्न कळला नाही. मलाही परवापर्यंत कळला नसता.

माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न आहे: 'गेल्या महिन्यात तुम्ही चुकून दुसऱ्याच्या दारात गेलात का?' हो म्हटलं की एक गुण वजा. ही प्रश्नावली माझीच, आता इतर शहरांतही वापरतात. आत्या, तुझ्या बिल्डिंगमध्ये ती भरून घेतली असती, तर मी तुला, सोनावणेकाकांना, सगळ्यांना धडाधड नापास केलं असतं! किती ठिकाणी असं काय काय चालू असेल? कुठे साखर मागण्यात, कुठे चुकीच्या नंबरवर फोन करण्यात? मला झोप येईनाशी झालीय, इतके प्रश्न डोक्यात आहेत.

सुशांतला मी कळवलं, की आईचं डोकं ठणठणीत आहे, कर्जत विसर, माझा शब्द. कारण सांगितलं नाही. तो कुरकुरला, पण ऐकलं.

आता तुला एक गंमत. त्या रविवारी आपण भाजी घेऊन आल्यावर मालनताई तुझ्याकडे कढीपत्ता मागायला आल्या. तू कुरकुरत चार काड्या दिल्यास आणि नंतर मला म्हणालीस, "रोजची कटकट आहे, एकदाच जुडी घेऊन ठेवायला काय होतं हिला." नंतर मी त्यांची पिठाची पिशवी वर पोचवली ना? त्यांनी मला बेडरूमच्या गॅलरीत हात धुवायला नेलं. तिथे कुंडीत कढीपत्त्याचं झाड आहे, आत्या. माझ्या खांद्याएवढं.

तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. तुझं पत्र वाचल्यावर वाटलं.

श्रुतिका

घाटकोपर
९ मार्च

श्रुतू,

मेली मालन! वर्षभर मी तिला कढीपत्ता पुरवतेय!

पत्र वाचलं तेव्हा आधी खूप राग आला. म्हणजे मीसुद्धा? मी भीमराजला बघते, भीमराज तिला बघतो, आणि ही बया मला बघते? मला काय झालंय? मी स्वतः भाजी आणते, माझी साखर नॉर्मल आहे. मला वाटत होतं मी सगळ्यांना सांभाळते, आणि इथे माझाच हंडा कुणीतरी मोजतंय.

दुसऱ्या दिवशी ती आली. "प्रेमे, जरा कढीपत्ता गो." मी तिच्या डोळ्यांत बघितलं. म्हटलं आता बोलतेच. मग ती दारात तशीच उभी राहिली, गुडघा धरून, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.  आत गेले आणि चांगली मोठी जुडी आणून दिली. म्हटलं, "घे, तुझ्याकडे कुठे मिळतोय." तीसुद्धा म्हणाली, "खरंच गो, कुठे मिळतोय."

मग दार लावून मी खूप हसले, आणि थोडी रडले पण. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

सुशांतला गप्प केलंस, ते उपकार. कर्जतच्या चित्रांचा जाड कागद मी फडताळात डब्यांखाली घातलाय. चांगला टिकेल.

आत्या

घाटकोपर
१५ सप्टेंबर

श्रुतू,

हे पत्र चार दिवस लिहितेय. फाडते आणि लिहिते.

गुरुवारी मी खरंच चुकले.

सकाळचं नाटक झालं होतं. भीमराजची बेल वाजवून, "अगो बाई" करून मी खाली गेले, कोथिंबीर आणि बोंबील घेतले. वर आले. किल्ली लावली तर फिरेना. मला वाटलं कुलूप बिघडलं. दोन्ही हातांनी जोर लावला. माझं चपलांचं कपाट कुठे गेलं, कुणी उचललं, म्हणून मी चिडले. बेल वाजवली. आत कोण आहे आणि ते दार का उघडत नाही, असं मला वाटत होतं, माझ्याच घरात मी एकटी राहते हे माहीत असून.

भीमराजने दार उघडलं. मी त्याला विचारलं, "तुम्ही इथे काय करताय?"

श्रुतू, तू लिहिलं होतंस ना, चुकलेला माणूस पिशवी घट्ट धरतो? मी धरली होती. बोंबलाचं पाणी पातळावर सांडलं तेव्हा मला कळलं. घाम आला. त्याने माझ्या हातातली किल्ली बघितली. त्याच्या कुलपात घालून जराशी वाकडी झालेली.

तो म्हणाला, "वहिनी, तुमचं नाटक लय भारी असतं, पण एका दिवसात दोनदा?" आणि हसला. म्हणजे त्याला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून! मग म्हणाला, "थांबा, शर्ट घालतो. मालनबाईंना पेपर द्यायचाय, वाटेत तुमचं घर लागतं." लिफ्टमध्ये कसली आलीय वाट? पण तो आला. अकरा त्याने दाबलं. दार मी उघडलं, ते उघडेपर्यंत तो तिथे उभा होता. एक शब्द विचारला नाही.

मी रोज जे खोटं करत होते तेच खरं झालं, आणि त्याने ते खोटं म्हणूनच घेतलं. घरात येऊन मी बोंबील धुतले आणि खुर्चीत बसून राहिले. मला भीती वाटते. आता उद्या सकाळी मी सातव्यावर उतरेन, तेव्हा मी मुद्दाम उतरले की चुकून, ते मला तरी कळेल का?

तू सुशांतला माझ्या भरवशावर शब्द दिलास. तुझं नाव आहे, पुस्तकं आहेत. माझ्यासाठी खोटं लिहू नकोस. जे असेल ते त्याला सांग. कर्जत म्हणाल तर कर्जत.

प्रेमाआत्या

बोरिवली
२९ सप्टेंबर

लाडके आत्या,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी यायला हवं होतं. आले नाही, कारण तुझ्यासमोर रडले असते आणि तूच मला पाणी दिलं असतंस. आधी सगळं जमवून घेतलं, मग लिहितेय.

मला थोडं माहीत होतं. गणपतीत तू पाठवलेल्या पत्रात नळाची आणि शिवदासकाकांची सगळी गोष्ट परत पहिल्यापासून लिहिली होतीस, "तुला हे कधी सांगितलं नाही" म्हणून. मी वाचलं आणि स्वतःची समजूत घातली, की म्हातारी माणसं गोष्टी परत सांगतातच. वीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन जे ओळखते, ते माझ्या आत्याच्या बाबतीत मला ओळखायचं नव्हतं.

सुशांतशी काल बोलले. सगळं सांगितलं. सॉरी, अट मोडली. आधी सांगितलं, की आई विसरायला लागलीय.  तो म्हणाला, "मग कर्जत." मग मी त्याला दुसरा भाग सांगितला, बेल, पेपर, कढीपत्ता. आणि म्हटलं, कर्जतला ती दार चुकली तर नर्स वहीत लिहील आणि गोळी वाढवेल. इथे चुकली तर काय होतं, ते गुरुवारी झालं. मी यातली डॉक्टर आहे आणि मी सांगेन ते फायनल असेल, तर माझं मत घाटकोपर.  त्याने एवढंच विचारलं, "सोनावणेकाकांना माहीत होतं?" मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. दिवाळीला तो आठवडाभर येतोय, स्वतः बघायला. पुढचं त्यानंतर. ग्रुपवर काही टाकणार नाही, अशी शपथ घेतलीय. त्याआधी एकदा आपण दोघी डॉक्टरकडे जाऊन येऊ, त्यात सूट नाही.

आणि प्रश्नावलीतला तो प्रश्न मी काढलाय. त्याच्या जागी नवा घातला. संस्थेत आमचे साहेब म्हणतात, याला गुण कसे द्यायचे? मी म्हटलं, ते नंतर बघू. पहिलं उत्तर तुझं हवंय. प्रश्न असा: 'तुम्ही चुकीच्या दारात गेलात, तर दार कोण उघडतं?'

तुझीच,
श्रुतू

घाटकोपर
७ ऑक्टोबर

श्रुतू,

उत्तर लिहून घे. सातव्यावर भीमराज. बाराव्यावर मालन, पण तिला गुडघ्यामुळे वेळ लागतो, थांबावं लागतं. पंधराव्यावर भाड्याची पोरं आहेत, त्यांच्याकडे परवा मुद्दाम गेले होते, म्हणजे मला वाटतं मुद्दामच. त्यातल्या एकाने उघडलं, डोळे चोळत. म्हणाला, "आंटी, आपका इलेवन है ना? चलो, छोड़ देता हूँ." त्यालाही माझा मजला माहीत आहे! मला कुणी सांगितलंही नव्हतं.

नवीन किल्ली केली. जुनी वाकडी भीमराजने ठेवून घेतली, म्हणाला, असू दे, तुमची म्हणून.

डॉक्टरकडे गुरुवार सोडून कधीही. येताना सुरमई आण, बोरिवलीला ताजी मिळते. आणि सरळ अकराव्यावर येऊ नकोस. आधी सातव्यावर उतर आणि बेल वाजव. त्याला सांग, चुकले.

आत्या